मोजमाप कुठे संपतं आणि वाटप कुठे सुरू होतं?

नेट-सेटची तयारी करताना हवामान बदलाचा इतिहास आपण एका ओळीत पाठ करतो. १८९६ अर्‍हेनियस, १९५८ कीलिंग, १९८८ आयपीसीसी, १९९२ रिओ, १९९७ क्योटो, २०१५ पॅरिस. बहुपर्यायी प्रश्नाला एवढं पुरतं. पण ही ओळ नकळत एक चित्र मनात बसवते. आधी वैज्ञानिकांनी मोजलं, मग तो आकडा त्यांनी मुत्सद्द्यांच्या हाती दिला आणि मग मुत्सद्दी भांडत बसले. अलीकडे विज्ञान, पलीकडे राजकारण.

प्रत्यक्षात या दोन्हींच्या मध्ये हिशोबाचं भरपूर काम असतं. मोजलेलं उत्सर्जन देशांच्या नावावर टाकायचं, वेगवेगळे वायू एका एककात आणायचे, कशातून काय वजा करायचं ते ठरवायचं आणि मग क्रमवारी लावायची. हे काम बहुतेक वेळा आपल्यासारखीच माणसं करतात. शोधनिबंधात ते 'पद्धती' या विभागात दोन-चार ओळींत उरकलेलं असतं. वाचणारा त्या ओळी ओलांडून थेट तक्त्याकडे जातो. खरी मेख मात्र त्या ओळींतच असते.

या लेखात एका जुन्या पुस्तिकेची चिकित्सा करायची आहे. तिने नेमकं हेच केलं होतं. प्रसिद्ध तक्त्यामागच्या त्या दोन-चार ओळी तिने वाचल्या. तिचं नाव 'ग्लोबल वॉर्मिंग इन ॲन अनइक्वल वर्ल्ड', साल १९९१, लेखक अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण, प्रकाशक दिल्लीची सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट. उपशीर्षकातच 'पर्यावरणीय वसाहतवाद' असा थेट आरोप आहे. धोरणाच्या अभ्यासकांना ती माहीत असते. विज्ञान शाखेतून आलेले आपण मात्र ती 'राजकीय' म्हणून बाजूला ठेवतो. माझ्या मते ती पद्धतीशास्त्राचा पाठ म्हणून वाचायला हवी, आणि तिच्यात जिथे गडबड आहे तिथूनही शिकायला हवं.

वाद कशावरून झाला?

१९९० साली वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने आपला मोठा जागतिक अहवाल काढला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण आणि विकास कार्यक्रमांचं त्याला सहकार्य होतं. त्यात देशनिहाय 'निव्वळ' हरितगृह वायू उत्सर्जनाची क्रमवारी दिली होती. पहिले पाच देश होते अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्राझील, चीन आणि भारत. म्हणजे पाचांत तीन विकसनशील.

वेळही लक्षात घ्या. आयपीसीसीचा पहिला अहवाल १९९० मध्येच आला होता आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये हवामान कराराच्या वाटाघाटी सुरू व्हायच्या होत्या. अशा वेळी प्रसिद्ध झालेली क्रमवारी नुसती माहिती राहत नाही. ती वाटाघाटीच्या टेबलावर पोहोचते आणि 'जबाबदारी सगळ्यांचीच आहे' या वाक्याला आकड्यांचा आधार देते.

आता त्या 'निव्वळ' शब्दाकडे या. माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो तेवढा सगळा हवेत राहत नाही. समुद्र आणि जमिनीवरच्या वनस्पती त्यातला मोठा वाटा काढून घेतात. वायू काढून घेणाऱ्या अशा यंत्रणेला 'सिंक' म्हणतात. देशाचं निव्वळ उत्सर्जन काढायचं तर एकूण उत्सर्जनातून सिंकचा वाटा वजा करावा लागणार. पण सिंक तर सगळ्या पृथ्वीचा. कोणत्या देशाच्या खात्यातून किती वजा करायचं?

अहवालाने हा वाटा प्रत्येक देशाच्या उत्सर्जनाच्या प्रमाणात दिला. ज्याचं उत्सर्जन जास्त, त्याला वजावटही जास्त.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. जगात दोनच देश आहेत. 'क' देशाचं उत्सर्जन ८०, लोकसंख्या २०. 'ख' देशाचं उत्सर्जन २०, लोकसंख्या ८०. निसर्ग एकूण ५० काढून घेतो, म्हणजे हवेत ५० उरतात.

उत्सर्जनाच्या प्रमाणात वाटलं तर 'क'ला सिंकमधले ४० मिळतात आणि 'ख'ला १०. निव्वळ उत्सर्जन अनुक्रमे ४० आणि १०. म्हणजे हवेत उरलेल्या वायूची ८० टक्के जबाबदारी 'क'ची आणि २० टक्के 'ख'ची.

आता तेच ५० माणशी वाटून पाहा. 'क'ला १० आणि 'ख'ला ४० मिळतात. 'क'चं निव्वळ उत्सर्जन ७०. 'ख'चं उत्सर्जन २० आणि वाटा ४०, म्हणजे त्याची जबाबदारी शून्य, वर २० शिल्लक.

एकही मोजमाप बदललेलं नाही. उपकरण तेच, नमुने तेच, बेरीजही तीच. बदलला तो फक्त वाटपाचा नियम, आणि 'ख' २० टक्क्यांवरून शून्यावर आला. सोसायटीत टँकरचं बिल फ्लॅटमागे वाटायचं, माणशी वाटायचं की वापराप्रमाणे, हा वाद ज्याने ऐकला आहे त्याला हे नवीन नाही. टँकर किती लिटरचा होता यावर तिथे कुणाचंच दुमत नसतं.

अगरवाल-नारायण यांनी हेच केलं. अहवालातलेच उत्सर्जनाचे आकडे त्यांनी घेतले, सिंक लोकसंख्येच्या प्रमाणात वाटले आणि क्रमवारी पुन्हा मांडली. भारत आणि चीन आपल्या वाट्याच्या आत राहिले. समोरच्याचे आकडे तसेच ठेवून निष्कर्ष पालटून दाखवणं हा टीकेचा सर्वात भक्कम प्रकार आहे. 'तुमचा डेटा खोटा' म्हणणं सोपं असतं, पण त्याला 'तुमचाही खोटा' हे उत्तर तयार असतं. 'तुमचा डेटा मान्य, आता तुमची दुसरी पायरी दाखवा' याला उत्तर देणं अवघड जातं.

वरच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट दिसते. प्रमाणात वजाबाकी करण्याआधीही वाटे ८० आणि २० होते, नंतरही ८० आणि २०च. म्हणजे एखाद्या वायूपुरतं पाहिलं तर या 'निव्वळ'ने देशांच्या वाट्यांबद्दल काहीच नवीन सांगितलं नाही. मात्र 'निव्वळ' हा शब्द वाचल्यावर निसर्गाचा हिशोब धरलेला आहे, म्हणजे काहीतरी जास्त अचूक हाती आलं आहे, असं वाटतं. तुमच्या विषयात अशी कोणती विशेषणं आहेत ते एकदा तपासा. 'समायोजित', 'प्रमाणित', 'भारित' या शब्दांच्या आड बरंच काही खपून जातं.

दुसरी बाजूही ऐका

चिकित्सा एकतर्फी होऊ नये म्हणून अहवालाच्या बाजूने काय म्हणता येईल तेही पाहू. हवेत गेल्यावर रेणूवर देशाचा शिक्का नसतो. बोस्टनच्या गाडीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड आणि बिहारच्या चुलीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड यांना समुद्रात विरघळण्याची संधी सारखीच. मग प्रत्येक देशाच्या उत्सर्जनातला सारखाच हिस्सा शोषला गेला असं धरणं भौतिकशास्त्राला धरून आहे.

हा युक्तिवाद चुकीचा नाही, पण तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. 'कोणाच्या रेणूंचं पुढे काय झालं' हा भौतिक प्रश्न. 'समुद्राच्या क्षमतेवर कोणाचा किती हक्क' हा हक्काचा प्रश्न. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या जागी ठेवलं की जो आधीच जास्त वापरतो त्यालाच जास्त मिळतं आणि हे सगळं निसर्गनियम वाटू लागतं. पुस्तिकेने ही अदलाबदल पकडली. तिचं खरं महत्त्व माझ्या मते इथे आहे.

मोजण्याची चूक ही वेगळी गोष्ट

आता पुस्तिकेच्या कमकुवत बाजूकडे. तिची पहिली अडचण अशी की दोन वेगळ्या तक्रारी ती एकाच आवाजात मांडते. सिंकचं वाटप अन्यायाचं आहे ही एक तक्रार. जंगलतोडीचे आणि मिथेनचे आकडेच फुगलेले आहेत ही दुसरी. वाचताना दोन्ही 'वसाहतवाद' या एकाच शब्दाखाली येतात. संशोधन करणाऱ्याने त्या वेगळ्या करायलाच हव्यात, कारण त्यांची औषधं वेगळी आहेत.

मिथेनचंच पाहा. भातखाचरात पाणी तुंबलं की चिखलात ऑक्सिजन संपतो आणि तिथले सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. भारतात भाताखालचं क्षेत्र प्रचंड, म्हणून भारताचं मिथेनही प्रचंड, असा अंदाज बांधला गेला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा १९९०च्या सुमाराचा अंदाज वर्षाला सुमारे ३.८ कोटी टनांचा होता. त्यासाठी परदेशातल्या शेतांवरची मोजमापं भारताच्या क्षेत्राला लावली होती. पण आपल्याकडची बरीच भातशेती पावसावर चालते. खाचरं मधूनमधून सुकतात, मातीत हवा जाते आणि मिथेन कमी होतं.

१९९१ मध्ये डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने इतर संस्थांना सोबत घेऊन देशभरच्या भातशेतांवर प्रत्यक्ष मोजणी केली. उत्तर आलं वर्षाला सुमारे ४० लाख टन. आधीचा अंदाज नऊपटीहून जास्त फुगलेला निघाला.

इथे राजकीय घोषणेची गरज नव्हती. शेतात पेट्या ठेवून, हवेचे नमुने घेऊन, वायू वर्णलेखनावर तपासून हा वाद बराचसा मिटला. मोजण्याची चूक मोजून दुरुस्त होते. सिंक कसे वाटायचे हा प्रश्न मात्र कितीही पेट्या ठेवल्या तरी सुटणार नाही. तिथे नियम निवडावा लागतो आणि का निवडला ते सांगावं लागतं. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की दोन्हीकडे नुकसान होतं. मोजण्याच्या चुकीवर आपण हेतूंची चर्चा करत बसतो, आणि वाटपाच्या निर्णयावर 'अजून डेटा हवा' म्हणत वेळ काढतो.

सिंक म्हणजे टाकी नव्हे

दुसरी अडचण विज्ञानाची आहे. पुस्तिकेच्या हिशोबात सिंक ही ठरावीक मापाची टाकी आहे. दरवर्षी इतकं मावतं, ते माणशी वाटा, आपापल्या वाट्यात राहा, जादा सोडणाऱ्यांनी पैसे मोजा. हिशोबाला हे सोयीचं आहे, पण निसर्ग असा चालत नाही. समुद्र आणि जमीन आज एवढा कार्बन घेतात तो हवेतलं प्रमाण वाढलं आहे म्हणूनच. गेल्या सहा दशकांत त्यांनी मानवी उत्सर्जनाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग उचलला आहे. उत्सर्जन घटत गेलं की हा ओघही घटत जातो. म्हणजे वाटायची वस्तूच वाटपानंतर आकसते.

मिथेनची गोष्ट तर निराळीच. ते बहुतांश नष्ट होतं हवेतच, हायड्रॉक्सिल नावाच्या अल्पजीवी रेणूशी अभिक्रिया होऊन. हा सिंक म्हणजे जंगल नाही, समुद्रही नाही. त्याला आणि कार्बन डायऑक्साइडच्या सिंकला एकाच चौकटीत बसवणं ओढूनताणून केल्यासारखं होतं.

२००९च्या सुमाराला आलेल्या अभ्यासांनी चित्र आणखी बदललं. तापमानवाढ वर्षाच्या उत्सर्जनापेक्षा आजवरच्या एकूण साचलेल्या कार्बन डायऑक्साइडशी जवळजवळ सरळ प्रमाणात असते, हे स्पष्ट झालं. 'कार्बन बजेट' ही कल्पना तिथून रुजली. गंमत अशी की यामुळे पुस्तिकेचा वार्षिक सिंकचा हिशोब जुना झाला, पण तिचा मूळ मुद्दा अधिक धारदार झाला. हिशोब साचलेल्याचाच असेल, तर आधी कोणी किती वापरलं हा प्रश्न टाळताच येत नाही.

तिसरी अडचण, माणशी हिशोब देशाच्या सीमेवर येऊन थांबतो. जगण्यासाठीचं उत्सर्जन आणि चैनीचं उत्सर्जन एकाच मापाने मोजू नका, हा पुस्तिकेतला विचार पुढे फार गाजला. तत्त्वज्ञ हेन्री श्यू यांनी १९९३ मध्ये त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. पण देशाची सरासरी काढली की तीच रेषा देशाच्या आत पुसली जाते. भातखाचरात राबणाऱ्या बाईच्या वाट्याची शिल्लक चारचाकीवाल्याच्या जादा खर्चावर पांघरूण घालते. जो निकष जगाला लावला तोच घरात लावला असता तर पुस्तिका अधिक अवघड झाली असती, आणि अधिक खरीही.

वैज्ञानिकांच्या घरातही तेच

'हा सगळा धोरणवाल्यांचा प्रांत आहे' असं वाटत असेल तर आयपीसीसीचा १९९०चा अहवाल उघडा. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड एका एककात आणायला तिथे 'जागतिक तापनक्षमता' दिली आहे. एक किलो मिथेन म्हणजे किती किलो कार्बन डायऑक्साइड? २० वर्षांचा कालावधी धरला तर ६३, १०० वर्षांचा धरला तर २१, आणि ५०० वर्षांचा धरला तर ९. मिथेन हवेत लवकर संपतं, म्हणून खिडकी जेवढी लांब तेवढं त्याचं वजन कमी. हे तीन कालावधी चर्चेसाठी म्हणून दिले आहेत, असं त्या अहवालातच म्हटलं होतं.

एक देश १०० टन कार्बन डायऑक्साइड आणि ५ टन मिथेन सोडतो असं समजा. २० वर्षांच्या हिशोबाने त्याच्या भारात मिथेनचा वाटा सुमारे ७६ टक्के, १०० वर्षांच्या हिशोबाने ५१ टक्के आणि ५०० वर्षांच्या हिशोबाने ३१ टक्के. पहिल्या उत्तराने तो देश भात आणि गुरांकडे बोट दाखवेल, तिसऱ्याने कोळशाकडे. क्योटो कराराच्या हिशोबात १०० वर्षांचा आकडा घेतला गेला आणि पुढे तो इतका रुळला की आज उत्सर्जनाच्या यादीत '१००' का, हे विचारायचं कोणाला सुचत नाही.

अलीकडच्या अहवालांत १०० वर्षांचा आकडा २७ ते ३०च्या दरम्यान गेला आहे. हा बदल विज्ञानाचा, मोजमाप सुधारल्यामुळे झालेला. पण १०० ऐवजी २० घेतले तर आकडा ८०च्या आसपास जातो. हा बदल निवडीचा. एकाच संख्येच्या पोटात दोन्ही प्रकार असतात.

करारांमध्ये काय उतरलं?

१९९२च्या हवामान कराराच्या प्रस्तावनेत विकसित देशांचं ऐतिहासिक उत्सर्जन आणि विकसनशील देशांचं कमी दरडोई उत्सर्जन या दोन्हींची नोंद आहे. तिसऱ्या कलमात 'समान पण भिन्न जबाबदाऱ्यां'चं तत्त्व आहे. हे सगळं या पुस्तिकेमुळेच आलं असं म्हणणं घाईचं ठरेल. वाटाघाटीत अनेक देशांचा रेटा होता.

पण क्योटोची आकडेमोड पाहा. विकसित देशांची उद्दिष्टं त्यांच्या स्वतःच्या १९९०च्या उत्सर्जनावर टक्क्यांत बेतली होती. म्हणजे १९९० मध्ये ज्याने जास्त सोडलं, त्याला पुढेही जास्त सोडायची मुभा. हा तोच प्रमाणाचा नियम, फक्त नव्या कपड्यांत. तापमानवाढीतल्या ऐतिहासिक वाट्यावरून जबाबदारी ठरवा, हा ब्राझीलचा १९९७चा प्रस्ताव क्योटोत स्वीकारला गेला नाही. तो पुढच्या वैज्ञानिक अभ्यासासाठी पाठवला गेला. वाटपाचा प्रश्न मोजमापाच्या रांगेत उभा केला गेला, तो असा.

पॅरिसने तर वाटप करारातून काढूनच टाकलं. प्रत्येक देश आपलं योगदान आपणच ठरवतो. मग वाटपाचा प्रश्न संपला का? तो संशोधनात शिरला. 'न्याय्य वाटा' काढणारे शोधनिबंध, उरलेल्या कार्बन बजेटची वाटणी करणारी प्रतिमानं, राज्यांच्या आणि शहरांच्या उत्सर्जन याद्या, ही कामं आता पीएचडीचे विद्यार्थी करतात. उद्या तुम्ही कराल.

तेव्हा एक सराव आजच करून ठेवा. तुमच्या विषयातला सगळ्यात जास्त उद्धृत होणारा एक तक्ता घ्या. कागदावर दोन रकाने आखा. एका रकान्यात तक्त्यामागचे असे टप्पे लिहा, जे चुकले असतील तर नव्या मोजणीने दुरुस्त होतील. दुसऱ्यात असे, जे कितीही मोजलं तरी कुणीतरी ठरवावेच लागतील: भाजक कोणता, आधारवर्ष कोणतं, कालावधी किती, सीमा कुठे. दुसऱ्या रकान्यातला एक निर्णय बदला आणि तक्ता पुन्हा काढा. क्रम टिकला तर निष्कर्षावर विश्वास ठेवायला एक कारण मिळालं. उलटला तर प्रबंधासाठी प्रश्न मिळाला. आणि तुमच्या स्वतःच्या 'पद्धती' प्रकरणात दुसऱ्या रकान्यातली प्रत्येक नोंद कारणासकट लिहा. मार्गदर्शक 'एवढं कशाला' म्हणाले तरी लिहा. तुमचा तक्ता कोणत्या टेबलावर जाईल, ते तुम्हाला विचारून ठरणार नाही.